मुलीने काय व्हायचे, हे तिथे कोण ठरवणार?

वाचक लिहितात :

स. न. वि. वि. मी मिरजेत एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझे यजमान निवृत्तीला आले आहेत आणि गेली बरीच वर्षे दर रविवारी एका डाव्या अभ्यासमंडळात जातात. पुढच्या महिन्यात तिथे ‘समाजवादी समाजातला एक साधा दिवस’ या विषयावर मी अर्धा तास बोलावे, अशी त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ घातली आणि मला नाही म्हणता आले नाही. घरात मात्र यावरून रोज खडाजंगी चालू आहे. आमची मुलगी यंदा बारावीला आहे. तिला तंबोरे आणि सतारी बनवायला शिकायचे आहे. यजमान म्हणतात, त्या समाजात जिला जे करावेसे वाटेल ते तिला करता येईल. माझे धाकटे दीर म्हणतात, “वहिनी, तिथे सरकारची चिठ्ठी येईल आणि तुमची मुलगी गटार उपसायला जाईल.” दोघांपैकी खरे कोणाचे? शिवाय यजमान सामुदायिक स्वयंपाकघराचे गोडवे गातात. मला माझे स्वयंपाकघर आवडते, हे माझे मागासलेपण समजायचे का? (हे गोडवे गाऊन झाल्यावर त्यांचे ताट मीच उचलते, तेही लिहून ठेवते.) भाषणात काय बोलू, आणि मुलीला आत्ता काय सांगू?

— एक वाचक, मिरज

सप्रेम नमस्कार.

तुमचे यजमान आणि तुमचे दीर यांची मते एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, परंतु दोघांनी एक गोष्ट सारखीच गृहीत धरली आहे. तुमच्या मुलीच्या आयुष्याचा निर्णय कुठेतरी वर होणार आणि तो तिच्यापर्यंत येऊन पोहोचणार, असे दोघांनाही वाटते. एकाला तो निर्णय मायाळू असेल असा विश्वास आहे आणि दुसऱ्याला तो जुलमी असेल अशी खात्री आहे. निर्णय जिथे होतो त्या बैठकीत तुमची मुलगीही बसलेली आहे, तिला तिथे हरकत घेता येते आणि हरकत रास्त ठरली तर निर्णय फिरतो, हे चित्र दोघांच्याही डोळ्यांसमोर नाही. समाजवादी समाजातल्या रोजच्या जगण्याविषयी जे काही बोलायचे, ते माझ्या मते इथून सुरू करावे. घर केवढे मिळेल, दवाखाना फुकट असेल का, एसटीला तिकीट लागेल का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु माझा दिवस कसा जाणार हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि ठरवणाऱ्याला पदावरून उतरवण्याची सोय आहे की नाही, हा त्यांच्या आधीचा प्रश्न आहे.

याचे एक उदाहरण तुम्हाला भाषणातही वापरता येईल, कारण ते खरोखरच साध्या दिवसाचे आहे. १९२९ साली सोव्हिएत संघात आठवडाच बदलण्यात आला. कारखान्यातली यंत्रे एकही दिवस थांबू नयेत म्हणून सात दिवसांऐवजी पाच दिवसांचा आठवडा आला; चार दिवस काम आणि पाचव्या दिवशी सुट्टी. हिशेबाने पाहिले तर कामगाराचा फायदाच होता, कारण सुट्टी लवकर येत होती. मेख अशी होती की सगळ्यांची सुट्टी एका दिवशी नव्हती. कामगारांचे पाच गट पाडलेले होते, प्रत्येक गटाला एक रंग होता, आणि ज्याचा जो रंग त्याची त्या रंगाच्या दिवशी सुट्टी. नवरा एका रंगात आणि बायको दुसऱ्या रंगात पडली, की दोघांना एकत्र मोकळा दिवस मिळणे बंद. बायको कारखान्यात आणि मुले शाळेत असताना रिकाम्या घरात बसून कसली सुट्टी घ्यायची, अशा तक्रारी लोकांनी वृत्तपत्रांकडेही केल्या. १९३१ साली ही पद्धत मागे घेण्यात आली आणि सर्वांना एकाच दिवशी सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा सुरू झाला. नेहमीचा सात दिवसांचा आठवडा परत यायला १९४० साल उजाडले. मागे घेतानाही पुढे केलेले कारण कुटुंबांच्या फाटाफुटीचे नव्हते. एकाच यंत्रावर रोज वेगळा माणूस उभा राहू लागल्याने यंत्राची जबाबदारी कोणाचीच उरली नाही आणि यंत्रे बिघडू लागली, हे ते कारण होते.

या गोष्टीत कोणी नफेखोर मालक नाही. कारखाने सार्वजनिक मालकीचे होते. तरीही नवरा-बायकोने कोणत्या दिवशी एकत्र जेवायचे, हे त्यांना कोणी विचारले नाही, आणि विचारले नाही म्हणून जाब मागण्याची जागाही त्यांना नव्हती. तुमच्या दिरांच्या मनातली चिठ्ठी ती हीच. त्यांची भीती हवेतली नाही, हे तुमच्या यजमानांनी आधी मान्य करावे; त्याखेरीज पुढची चर्चा प्रामाणिक होणार नाही.

आता दुसरी बाजू आपल्याकडची. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पुढाकाराने पाणी पंचायतीचे काम उभे राहिले. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी देण्याचे ठरले: दर माणशी अर्ध्या एकराचे, आणि घरात माणसे कितीही असली तरी जास्तीत जास्त अडीच एकराचे. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांचाही पाण्यावर हक्क मानला गेला. आणि अट अशी की त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या असल्यामुळे या अटीचे वजन तुम्हाला वेगळे समजावून सांगायला नको. उसाला बंदी हा शेतकऱ्याच्या निवडीवर घाला आहे, असे कोणी म्हणेल तर ते चुकीचे नाही. निवड आकुंचित झालीच. परंतु बंदी पाळणारे आणि बंदी ठरवणारे तेच लोक होते, ते योजनेच्या खर्चातला वाटा उचलत होते, आणि आपण ऊस सोडला की खालच्या आळीतल्या कोणाच्या ज्वारीला पाणी मिळते, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. रंगीत सुट्ट्यांच्या आठवड्यातही निर्बंध होता आणि इथेही होता. दोन्ही निर्बंधांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

तुमच्या मुलीचा प्रश्न मला या सगळ्यात अधिक अवघड वाटतो, कारण तंबोरा ही वस्तू कोणत्याही नियोजनात सहज बसणारी नाही. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा पिकवून, वाळवून, कापून तयार करायचा, त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडायची, आणि सगळे जमून आले तरी जवारी काढल्याखेरीज वाद्य बोलत नाही: घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानशीने किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. किती वेळ घासायचे याचे माप कोणत्याही तक्त्यात लिहिता येत नाही; ते कारागिराच्या कानात असते. ज्या व्यवस्थेत उद्दिष्टे नगांत किंवा वजनात लिहिली जातात, तिथे अशा कामाची दुर्दशा होते. झुंबरांचे उद्दिष्ट टनात ठरवल्यामुळे कारखाने जड-जड झुंबरे बनवत सुटले आहेत, अशी तक्रार खुद्द सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी केली होती. टनावर तंबोरे मोजणाऱ्या कार्यालयाच्या हाती मिरजेचा हा धंदा गेला, तर त्याचे काय होईल ते तुम्हीच ताडा. बाजारात ठरलेल्या किमती नसतील तर नियोजन करणाऱ्यांना कशाची किती गरज आहे हे कळणारच नाही, असा आक्षेप ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० सालीच घेतला होता, आणि त्याला समाजवाद्यांनी दिलेली उत्तरे शंभर वर्षे झाली तरी वादातच आहेत. अभ्यासमंडळात कोणीतरी हा मुद्दा काढणारच. तेव्हा त्याला प्रतिगामी म्हणून गप्प करू नका.

माझे स्वतःचे मत असे आहे की अशा वस्तूंसाठी खरेदी-विक्री ठेवावी आणि तिची लाज बाळगू नये. बांगड्या, साड्या, मिठाई, तंबोरे यांचे काय व्हायचे ते घेणाऱ्याच्या आवडीने आणि बनवणाऱ्याच्या हाताने ठरू द्यावे. कारखाना सात-आठ कारागिरांच्या मालकीचा असावा, किंमत त्यांनी ठरवावी, आणि संगीत शाळांनी, गायक-गायिकांनी ती परवडत असेल तर द्यावी. सामूहिक व्यवस्थेने लक्ष द्यायचे ते वेगळ्या ठिकाणी: डोक्यावरचे छप्पर, दवाखाना, शिक्षण, म्हातारपणाचे वेतन आणि रोजचे साधे अन्न, ही पाच गोष्टींची हमी तंबोरे विकले गेले किंवा न गेले तरी तुटू नये. कारागिराचा महिना वाईट गेला तर घरात चणचण व्हावी, पण मुलाचे औषध थांबू नये, एवढा फरक मला पुरेसा क्रांतिकारक वाटतो.

तरीही ‘जे करावेसे वाटेल ते करता येईल’ हे यजमानांचे वाक्य खरे ठरणार नाही. वाद्य शिकवू शकणारे उस्ताद थोडे आणि शिकू इच्छिणाऱ्या मुली अधिक, अशी वेळ तिथेही येईल. कोणाला तरी थांबावे लागेल, कोणाला नकार मिळेल, आणि तो नकार तुमच्या मुलीच्या वाट्याला येऊ शकतो. शिवाय विजेवर चालणारा तंबोरा आणि फोनमधला तंबोरा यांनी खऱ्या तंबोऱ्याची मागणी आजच खाल्ली आहे. समाजवाद आला म्हणून लोक ते टाकून देतील असे समजण्याचे कारण नाही. भाषणात हे स्पष्ट सांगा. नकार नसलेला समाज रंगवला की ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो, आणि तो उडायलाच हवा.

मग आजच्या तुलनेत फरक काय, असे तुमचे दीर विचारतील. त्यासाठी मिरजेचाच इतिहास पाहा. सतारमेकर घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या, ती घडवणाऱ्या कारागिरांची. संस्थानी काळात हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्यांकडे हात वळवला आणि मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या आश्रयाने हा धंदा वाढला. ज्या कलेचे आज आपण कौतुक करतो आणि जिला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, ती सुरू झाली ती एका धंद्याने दगा दिल्यामुळे. कोणी आवडीने निवडली म्हणून नव्हे. आणि तेव्हापासून ती बहुतांशी बापाकडून मुलाकडे गेली. तुमच्या मुलीला आज त्या कारखान्यात शिरायचे असेल, तर तिला अडवणारी गोष्ट ना बाजार आहे ना सरकार. ती त्या घरात जन्मलेली नाही आणि ती मुलगी आहे, एवढे कारण पुरते. घरात पैसा असला तर तिला वैद्यकीय प्रवेशासाठी खासगी शिकवणी मिळेल, आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात नातेवाईक तेच सुचवत असतील, याची मला जवळजवळ खात्री आहे; मात्र कानशी हातात धरायला तिला कोणी शिकवेल याची हमी कोणीच देणार नाही. त्या समाजाने एवढे केले की उस्तादाला शिकवण्याचा मोबदला सार्वजनिक निधीतून मिळाला, जागा कोणाला मिळाली आणि कोणाला का नाही मिळाली हे उघड लिहून लावले गेले, आणि ज्या मुलीला नकार आला तिला पुढल्या वर्षी पुन्हा विचारता आले, तर तिची निवड आजच्यापेक्षा मोठी होईल. ती अमर्याद होणार नाही.

गटाराविषयी मात्र मी तुमच्या दिरांना थोडे परखडपणे सांगेन. चिठ्ठी येईल आणि आपल्या मुलीला गटारात उतरावे लागेल, या कल्पनेने ते हादरतात. आज गटारात कोणाची मुले उतरतात, हे त्यांना माहीत नाही असे नाही. चिठ्ठी आजही येते, फक्त ती जन्माच्या वेळीच येते आणि आपल्या आळीत येत नाही. जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहिले, आणि समाजवाद्यांना त्यांनी बजावले की क्रांतीच्या आधी नाही तर नंतर, पण जातीशी गाठ पडल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडच्या कोणत्याही ‘साध्या दिवसा’चे चित्र इथे येऊन अडखळले पाहिजे. मालकी सार्वजनिक झाली आणि झाडू त्याच हातात राहिला, तर दिवस बदलला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

यावर अभ्यासमंडळात नेहमी ऐकू येणारे उत्तर म्हणजे पाळी: सगळ्यांनी आळीपाळीने करावे. अर्धे पटते, अर्धे पटत नाही. वस्ती झाडणे, कचरा वेगळा करणे, सार्वजनिक शौचालय धुणे, ही कामे पाळीने होऊ शकतात आणि प्राध्यापकापासून आमदारापर्यंत सगळ्यांना ती करायला लावण्यात शहाणपण आहे. परंतु मलनिस्सारणाच्या वाहिनीत हौशी माणूस उतरवणे म्हणजे त्याला मरायला पाठवणे. आत साचलेला वायू क्षणात माणूस गाठतो. ते काम यंत्राचे आहे आणि यंत्र चालवणारा प्रशिक्षित असायला हवा. हाताने मैला साफ करून घेण्यास १९९३ आणि २०१३ अशा दोन कायद्यांनी बंदी आहे, आणि तरीही मृत्यू थांबत नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२३ साली अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये करावी लागली. केरळमध्ये तयार झालेले मॅनहोल साफ करणारे यंत्रमानव २०१८पासून वापरात आहेत, तेव्हा तंत्र नाही ही सबब आता चालणार नाही. माणसाचा जीव स्वस्त आहे तोवर यंत्र महागच वाटत राहते.

यंत्राने न होणाऱ्या कामांसाठी पुण्याकडे पाहता येईल. तिथे कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली स्थापन झाली आणि पुढे त्यांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. पैशांसाठी आणि करारासाठी त्यांना पुन्हा पुन्हा झगडावे लागले आहे, जात तिथेही पुसली गेलेली नाही, परंतु उकिरड्यावर कुत्र्यांच्या सोबतीने वेचणारी बाई आणि ओळखपत्र लावून इमारतीच्या दारात येऊन “ओला वेगळा का केला नाही?” असे विचारणारी बाई, यांच्या दिवसात अंतर आहे. भविष्यातला दिवस रंगवताना असा एखादा प्रसंग सांगा. नको असलेल्या कामाला कमी तास, अधिक वेतन आणि नाही म्हणण्याचा हक्क द्यावा. कोणीच ते करायला तयार नसेल तर त्या कामाची पद्धतच बदलावी लागेल, आणि ती बदलायला भाग पाडण्याचा माझ्या माहितीतला हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

स्वयंपाकघराबद्दल तुम्ही मागासलेपणाचा विचार मनातून काढून टाका. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहराची सत्ता समाजवाद्यांच्या हाती आली आणि १९१९ ते १९३४ या काळात त्यांनी साठ हजारांहून अधिक सार्वजनिक घरे बांधली. एकच मोठे स्वयंपाकघर असलेली इमारत बांधावी, घराघरात चूल नको, ही कल्पना तिथेही जोरात मांडली गेली होती आणि तसा एक प्रयोग झालाही. तरी बाकीच्या सगळ्या घरांत त्यांनी लहानसे का होईना, स्वतंत्र स्वयंपाकघर दिले. सामाईक केले ते धुणे. १९३० साली उघडलेल्या कार्ल मार्क्स होफ या इमारतीत १,३८२ घरे होती, आणि तिथे मध्यवर्ती धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या, वाचनालय अशी सोय होती. लोकांना भाजीत मीठ आपल्या चवीचे हवे असते, पण चादरी कोणत्या हौदात धुतल्या याची फिकीर नसते, हे त्या नगरपालिकेला कळले होते. सामाईक काय असावे आणि घरचे काय असावे, याची विभागणी ज्यांचे हात त्या कामात जातात त्यांनी करावी. तुमच्या घरात ती यजमान करत आहेत, त्यांचे हात त्यात नसताना.

आता त्या धुलाईघरांचाच एक तपशील यजमानांना ऐकवा. तिथे पुरुष भाडेकरूंना प्रवेशच नव्हता. समाजवादी नगरपालिकेने यंत्रे आणली, बायकांचे कष्ट कमी केले, आणि धुणे बायकांचेच, ही गोष्ट मात्र नियमाने पक्की केली. काम सामाईक झाले म्हणजे त्याची वाटणी झाली, असे होत नाही. आपल्याकडे २०१९ साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात पगाराविना घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. हे ९७ही फक्त ते काम करणाऱ्या पुरुषांचे आहेत; मुळात ते काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते. सामुदायिक भोजनाला माझा विरोध नाही. पुण्यात हमाल पंचायतीने १९७०च्या दशकात सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’ने कष्टकऱ्यांना परवडणाऱ्या दरात ताजे जेवण दिले आहे, आणि दिवसभर पोती वाहून आलेल्या माणसाला त्याचा अर्थ विचारायला नको. वस्तीच्या कोपऱ्यावर असे जेवण मिळत असेल, तर ज्या दिवशी तुम्ही पेपर तपासून थकलेल्या असाल त्या दिवशी तिथे जा आणि ज्या दिवशी मन असेल त्या दिवशी घरी पुरणपोळी करा. मन नसतानाही करावी लागणे, ही तुमची आजची अडचण आहे. तिचा उपाय सामुदायिक स्वयंपाकघर येईपर्यंत लांबवण्याची गरज नाही. ताटाविषयी मात्र माझा आग्रह आहे की हा विषय भाषणात काढू नका. त्यांच्या मित्रांसमोर तो विनोद होऊन जाईल आणि ताट तिथेच राहील. घरी, भाषणाच्या तयारीच्या दिवसांतच, स्पष्ट बोला.

समता आली की सगळे एकसारखे, करडे, गैरसोयीचे होणार, हा समजही तुमच्या श्रोत्यांत असेल. त्यांना मधू दंडवते यांची आठवण द्या. कोकणातून निवडून येणारे हे समाजवादी १९७७मध्ये रेल्वेमंत्री झाले, तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्यांवर झोपावे लागत असे. त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंची फोमच्या गाद्या आणल्या. पहिल्या वर्गाच्या गाद्या काढून त्यांनी समता साधली नाही. पाठ टेकायला सगळ्यांना मऊ जागा मिळाली, आणि त्यानंतर कोणत्याही सरकारला लाकडी फळी परत आणण्याची हिंमत झाली नाही.

आणखी एक प्रश्न येईलच, त्याची तयारी ठेवा. कोणीतरी उठून म्हणेल की आमच्या जिल्ह्यात सहकार आहे, सभासदांच्या मालकीचे कारखाने आहेत, आणि तिथे चेअरमनचे राज्य चालते ते आम्ही रोज पाहतो. तुमचा समाजवाद याहून वेगळा कसा? हा प्रश्न टाळू नका. साखर कारखान्याचा सभासद ऊस उत्पादक असतो. ऊस तोडायला बीडकडून येणारे नवरा-बायको मुकादमाकडून उचल घेऊन येतात, दोघांची मिळून गणती ‘एक कोयता’ अशी होते, आणि ज्या कारखान्याचा गळीत हंगाम त्यांच्या पाठीवर चालतो, त्याच्या वार्षिक सभेत त्यांना हात वर करण्याचा अधिकार नसतो. मालकी अनेकांची झाली, पण सर्वांत जड काम करणारे ‘अनेकां’च्या बाहेरच राहिले. तुमच्या कल्पनेतल्या समाजात बायकोला अर्ध्या कोयत्याऐवजी पूर्ण माणूस मोजतात का आणि सभेत तिचे मत धरतात का, हे सांगा. मग वेगळेपण वेगळे सांगावे लागणार नाही.

तेव्हा भाषणात सकाळपासून रात्रीपर्यंतचा आदर्श दिनक्रम वाचून दाखवू नका. वस्तीच्या सभेतले एक भांडण घ्या. समजा, निधी एवढाच आहे की त्यात बालवाडीची वेळ संध्याकाळी सातपर्यंत वाढवता येईल किंवा वाद्यांचा प्रशिक्षणवर्ग सुरू करता येईल. पाळीत काम करणारी नर्स उठून काय म्हणते, म्हातारा सतारमेकर काय म्हणतो, सभापती कोणाला बोलू देत नाही आणि त्याला कोण अडवते, मत कसे घेतले जाते, हरलेल्यांना पुढे काय मिळते, हे नावानिशी, माणसांच्या तोंडी घालून सांगा. तुम्ही शिक्षिका आहात. पालकसभा चालवलेल्या बाईला हे प्रसंग सुचायला वेळ लागणार नाही. अशा सभा कंटाळवाण्या असतात, लांबतात, आणि ज्याला संध्याकाळी मोकळा वेळ आहे त्याचेच तिथे चालते, हेही दडवू नका. घरकाम करून दमलेली बाई सभेला येऊ शकत नसेल, तर तिचे मत कोणत्याही व्यवस्थेत मोजले जाणार नाही. म्हणून कामाचे तास कमी करणे हा मला त्या समाजातला पहिल्या वर्षाचा कार्यक्रम वाटतो, शेवटच्या टप्प्यावरचे बक्षीस नव्हे.

मुलीबाबत निर्णय मात्र आजच्या जगाकडे पाहूनच करा. येणाऱ्या समाजाच्या भरवशावर तिला या धंद्यात लोटू नका आणि दिरांच्या चिठ्ठीला भिऊन तिला अडवूही नका. तिने बारावी पूर्ण करावी. परीक्षा संपल्यावर निकाल लागेपर्यंतचा काळ एखाद्या कारखान्यात रोज जाऊन बसण्यात घालवावा. नुसते पाहायला नव्हे, भोपळा साफ करण्यापासून जे सांगतील ते करायला. तेवढ्यात तिचे तिलाच कळेल की तिला वाद्य बनवायचे आहे की वाद्याचा सहवास हवा आहे. स्वर ऐकायचा कान नसेल तर जवारी येणार नाही, म्हणून गाणे शिकत नसेल तर तेही सुरू करू द्या. सोबत एखादी पदवी चालू ठेवणे शक्य असेल तर ठेवावी, कारण पाच गोष्टींची हमी वर लिहिली ती अजून कोणी दिलेली नाही, आणि आजारपणाचे बिल तुम्हालाच भरायचे आहे.

कारखान्यात विचारायला यजमानांना पाठवा. त्या समाजात मुलींना सगळे करता येईल असे ते म्हणतात, तर ही सुरुवात त्यांनी करायला हरकत नाही. शिकण्याच्या काळात काही मिळेल का, किती वर्षे लागतील, आणि जवारीचे काम मुलीला शिकवणार की फक्त पॉलिशवर बसवणार, या तीन गोष्टी त्यांनी नीट विचारून घ्याव्यात. एका ठिकाणी नकार आला तर दुसरीकडे विचारा. मिरजेत वाद्यांचे कारखाने बरेच आहेत.